चुकिकामाता: डोंगरभर विखुरलेलं तांबं

चिलीच्या अटाकामा वाळवंटातली चुकिकामाता ही पॉर्फिरी, म्हणजे खडकभर बारीक विखुरलेल्या, तांब्याची माझी सर्वांत लाडकी खाण! सुमारे 3.5 ते 3.1 कोटी वर्षांपूर्वी, समुद्रतळाचं कवच दक्षिण अमेरिकेखाली सरकत असताना शिलारस वर चढला आणि पृष्ठभागाखाली काही किलोमीटरवर अडकला. तो थिजताना सुटलेल्या कढत, खारट पाण्यानं खडक तडकवला. अशा खडकाचा तुकडा नीट पाहा: पांढऱ्या क्वार्ट्झच्या बारीक रेघांचं जाळं, त्यात पितळी चमकीचे चाल्कोपायराइट या तांब्याच्या खनिजाचे ठिपके.

खरी कमाल पुढची. वरच्या थरातलं तांबं झिरपत्या पाण्यात विरघळून खाली गेलं आणि काळसर चाल्कोसाइट या तांब्याच्या खनिजाचा कितीतरी समृद्ध थर तयार झाला. नंतर हवामान इतकं कोरडं झालं की तो थर शाबूत राहिला. काही तांबं तर कडेनं वाहत जाऊन वाळू-गोट्यांत साठलं. तिथे आज ‘मिना सुर’ ही वेगळी खाण आहे.

पश्चिमेला मात्र मोठ्या प्रस्तरभंगाशी धातुक सुरीनं कापल्यासारखं संपतं. 1915पासून खोदलेल्या या अवाढव्य खड्ड्याच्या खाली 2019पासून भुयारी खाणकामही सुरू झालंय.