गाव रेडिओला उत्तर देत होते

कर्जत तालुका हा अवर्षणाचा मुलूख. रेहेकुरीच्या माळावर काळवीट हुंदडावेत आणि शेतकऱ्याने मात्र आभाळाकडे डोळे लावून बसावे. अशा भागात रेडिओ हे निव्वळ करमणुकीचे खोके कधीच नव्हते.

आपल्याकडे मुंबई केंद्र सुरू झाले ते १९२७ मध्ये, एका खासगी कंपनीच्या हातून. तीन वर्षांत ती बुडाली आणि तिचा कारभार सरकारच्या गळ्यात पडला. पुणे केंद्र आले १९५३ मध्ये. ‘बहुजनहिताय, बहुजनसुखाय’ हे आकाशवाणीचे ब्रीद. पण बहुजनांना हवे काय, हे त्यांना विचारायचे कोणी?

ते विचारले गेले १९५६ मध्ये. युनेस्कोच्या साहाय्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, पुणे, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर आणि आपला नगर जिल्हा, दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे निघाली. कल्पना कॅनडातली, भाषा मात्र इथली. वीसेक माणसे आठवड्यातून दोनदा जमायची, पुण्याहून येणारा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायची आणि मग रेडिओ बंद करून आपसांत बोलायची. खरी गंमत पुढेच होती. मंडळाचा निमंत्रक चर्चेचा वृत्तान्त आणि गावाच्या शंका पुण्याला लिहून पाठवी आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे मिळत.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती भराभर वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे गुण यंत्राचा नव्हता, त्याच्याभोवती बसून वाद घालणाऱ्या माणसांचा होता! १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. पुढे मंडळे विरत गेली. ट्रान्झिस्टर घरोघरी आला आणि चावडीवरचे ऐकणे ओसरीवर गेले, त्याला इलाज नव्हता.

नंतरचा इतिहास कायद्यांचा. आकाशवाणी आणि दूरदर्शनला स्वायत्तता देणारा प्रसार भारती कायदा झाला १९९० मध्ये, अमलात आला १९९७ मध्ये. सात वर्षे तो कागदावरच होता. स्वायत्तता आली म्हणावी, तर पैशाची दोरी अजूनही सरकारच्याच हाती आहे. खासगी वाहिन्यांनी श्रोता ओढला तो शहरातला. कुसळाच्या माळावर जाहिरातदार कशाला येईल?

जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला. पुण्याच्या बातम्यांवर वाढलेल्या पिढ्यांना तो घरातले माणूस जाण्यासारखा वाटला. ओरड झाली आणि माहिती व प्रसारणमंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. श्रोत्याचे म्हणणे पुण्यापर्यंत पोचले खरे. मात्र १९५६ मध्ये त्यासाठी ओरड करावी लागत नव्हती. निमंत्रकाचे पत्र पुरत असे.