टोचायचं आईला, राखायचं बाळाला

गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन कशासाठी देतात, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, तिच्यासाठी. ते दोघांसाठी असतं. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरतात आणि नाळेच्या जखमेतून शिरणाऱ्या जंतूचं विष निकामी करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार भारतात बाळंतिणी-बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन २०१५ मध्ये झालं. त्याचं बरंचसं श्रेय दंडातल्या या सुईला आहे.

मग बाकीच्या जंतूंसाठी हेच का नाही? प्रयत्न जुना आहे, पण रखडलेला. ग्रूप बी स्ट्रेप्टोकोकसचंच बघा. जगात पाचांतल्या जवळपास एका गर्भवतीच्या आतड्यात किंवा योनिमार्गात हा जंतू बिनबोभाट राहतो. तिला बहुधा काही होत नाही. बाळाच्या रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरला, तर मात्र हातात काही तासच असतात. श्रीमंत देशांत कळा सुरू झाल्या की अशा आईला शिरेतून पेनिसिलिन देतात, जन्माच्या निदान चार तास आधी. त्यानं पहिल्या आठवड्यातला आजार बराच घटला. त्यानंतर, तीन महिन्यांपर्यंत होणारा आजार तसाच राहिला.

अमेरिकेत कॅरल बेकर आणि डेनिस कॅस्पर यांनी १९७६ मध्येच दाखवलं होतं की, आजारी बाळांच्या आयांमध्ये या जंतूच्या शर्करायुक्त कवचाविरुद्धची प्रतिपिंडं कमी असतात. १९८८ मध्ये बेकर यांनी गर्भवतींना प्रायोगिक लस दिलीही. पुढची इतकी वर्षं गेली कुठे? गर्भातल्या बाळांना व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधानंतर गर्भवतीवर चाचणी म्हटलं की कंपनीत शास्त्रज्ञांच्या आधी वकील बोलतात, हे एक. दुसरी अडचण आकड्यांची. हजारात एखाद्याच बाळाला आजार होत असेल, तर लसीनं फरक पडला हे सिद्ध करायला हजारो गर्भवती लागतात. म्हणून आता आडवाट धरली आहे: नाळेतल्या रक्तात किती प्रतिपिंडं असली की आजार टळतो ते ठरवायचं आणि लस तिथवर पोहोचवते का, ते पाहायचं. कवचाच्या सहा प्रकारांवरच्या फायझरच्या लसीचे दक्षिण आफ्रिकेतले असे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ते आशादायक आहेत.

पण माझ्या मते आपली लढाई वेगळी आहे. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात बाळांच्या रक्तात जास्त करून सापडले ते असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय, तेही कित्येक अँटिबायोटिक्सना न जुमानणारे. आपल्याला हवी क्लेबसिएलाची लस. तिचं काम सुरू आहे, पण स्ट्रेप्टोकोकसच्या या जातीची कवचं दहा प्रकारची, तर क्लेबसिएलाची सत्तरहून अधिक. त्यांतली कोणती निवडायची, यावरच सगळं अडतं.

त्याहून अवघड प्रश्न वेळेचा. वारेतून प्रतिपिंडं भराभर उतरतात ती शेवटच्या तीन महिन्यांत. सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ अर्धीच शिदोरी घेऊन येतं, आणि काचेच्या पेटीत, नळ्या लावलेल्या अवस्थेत क्लेबसिएला गाठतो तो बहुतेकदा त्यालाच. ब्रिटननं डांग्या खोकल्याची लस २०१६ पासून सोळाव्या आठवड्यापासूनच द्यायची मुभा दिली. क्लेबसिएलाची लस आलीच, तर तीही पाचव्या-सहाव्या महिन्यातच टोचावी लागेल.