तारकर्लीला स्कूबाला जाताय? मोबाइल-दागिने कुठे ठेवणार ते आधी ठरवा

तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगसाठी जायचं ठरलं की दोन प्रश्न येतात. राहायचं कुठे? आणि घरातले सगळे पाण्यात असताना पैसे, मोबाइल, दागिने कुणाकडे? इंदूरच्या स्नेहलतागंजातून निघा की बेळगावातून, प्रश्न तेच.

तारकर्लीत किनाऱ्यालगत एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे आणि गावात घरगुती निवासही भरपूर आहेत. घरगुती निवासात मालकाचं कुटुंब जवळच असतं, मालवणी जेवण मिळतं. पण लॉकर असेलच असं नाही. रिसॉर्टमध्येही तो गृहीत धरू नका. बुकिंगआधी फोन करून विचारा.

खोलीत वस्तू सोडून जाणं वेगळं आणि काउंटरवर पावती घेऊन सोपवणं वेगळं. करार कायदा १८७२, कलम १५१ प्रमाणे सोपवलेल्या वस्तूची योग्य काळजी घेणं ही घेणाऱ्याची जबाबदारी असते. दिल्लीतल्या एका हॉटेलने पार्किंगसाठी ताब्यात घेतलेली कार चोरीला गेली, त्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हॉटेललाच जबाबदार धरलं. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं कूपनवर छापलं म्हणून निष्काळजी हॉटेल सुटत नाही.

तरी चोरी झालीच, तर मालवण पोलिसांत लगेच तक्रार द्या. परतीची गाडी चुकणार असेल तर इंदूरला उतरूनही झीरो एफआयआर नोंदवता येतो. तक्रारीची प्रत आणि आयएमईआय नंबर हाताशी असला की संचार साथी पोर्टलवर मोबाइल ब्लॉक करता येतो. नंबर निघण्याआधीच लिहून ठेवा.

सोन्याचं म्हणाल, तर ते घरीच बरं.