कर्ज फेडण्याआधी घराची किंमत आपली आपण काढून घ्या

उधना-जळगाव रेल्वेमार्गाने खानदेशातून येऊन उधना, डिंडोली, चलथाण, कडोदरा या सुरतच्या पट्ट्यात स्थिरावलेली मराठी कुटुंबं बरीच आहेत. आधी भाड्याची खोली, मग हप्त्यावर घेतलेला प्लॉट, मग त्यावर बांधलेलं रो-हाउस. पुढे लूमचं खातं वाढवायला, मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पैसे लागले की तेच घर बँकेकडे ठेवून कर्ज काढलं जातं. याला मालमत्ता तारण कर्ज म्हणतात. बोलताना आपण मॉर्गेज लोन म्हणतो.

कर्ज घेताना घराची किंमत बँकेने ठरवली होती. फेडायची वेळ आली की दलाल एक आकडा सांगतो, घेणारा दुसरा, जंत्रीचा सरकारी दर तिसरा, आणि आपल्या हातात स्वतःचा असा आकडा नसतो. तो मिळवण्याचा मार्ग म्हणजे स्वतंत्र मूल्यांकन. बँक, दलाल किंवा खरेदीदार यांच्याशी संबंध नसलेल्या नोंदणीकृत तज्ज्ञाकडून काढून घेतलेल्या किमतीच्या लेखी अहवालाला हे नाव आहे. तो कधी आणि कसा घ्यायचा, ते क्रमाने पाहू.

आधी पाहा, आपल्याला मूल्यांकन लागतं का

आपल्याकडे तारण कर्जाची परतफेड रुपयांत ठरलेली असते. घराची किंमत वाढली म्हणून कर्ज वाढत नाही, घसरली म्हणून कमी होत नाही. त्यामुळे साठवलेल्या पैशातून कर्ज फेडणार असाल, तर मूल्यांकनाची गरज नाही.

परदेशात नातेवाईक असतील तर त्यांच्याकडून वेगळं ऐकायला मिळेल. इंग्लंडमध्ये 2013 ते 2023 या काळात ‘हेल्प टू बाय’ योजनेतलं कर्ज घराच्या किमतीच्या टक्क्यांत दिलं जाई. दोन लाख पौंडांच्या घरावर 20 टक्के, म्हणजे 40 हजार पौंड घेतले आणि घर अडीच लाखांचं झालं, तर फेडायचे 50 हजार. म्हणून तिथे परतफेडीसाठी स्वतंत्र मूल्यांकन सक्तीचंच असतं. तो नियम आपल्या कर्जाला लागू नाही.

आपल्याकडे मूल्यांकन उपयोगी पडतं ते चार प्रसंगी: घर विकून कर्ज फेडताना, कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना, भावंडांपैकी एकाने कर्ज फेडून घर स्वतःकडे ठेवताना, आणि हप्ते थकल्यामुळे बँकेशी तडजोडीची बोलणी करताना. आपला प्रसंग यांपैकी कोणता, ते आधी नक्की करा. अहवालात त्याचा हेतू लिहावा लागतो.

पहिली पायरी: कर्जाचा खरा आकडा

बँकेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे अमुक तारखेला कर्ज पूर्ण बंद करायला किती रक्कम लागेल याचं पत्र, लेखी मागा. ॲपवर दिसणारी शिल्लक पुरेशी नसते. त्या दिवसापर्यंतचं व्याज, दंड आणि इतर आकार यांमुळे आकडा बदलतो.

मुदतपूर्व फेडीच्या शुल्काचीही चौकशी करा. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार, 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर, ते व्यक्तीने धंद्याव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेलं असेल तर असं शुल्क लावता येत नाही. धंद्याच्या कर्जाला कर्ज देणारी संस्था कोणती आणि रक्कम किती यानुसार नियम वेगळे आहेत. लूम किंवा एम्ब्रॉयडरीच्या मशीनसाठी कर्ज घेतलं असेल तर मंजुरीपत्रात कर्जाचं कारण काय लिहिलंय, ते वाचा.

दुसरी पायरी: मूल्यांकक निवडणं

मूल्यांककाची नोंदणी विचारा. कंपनी कायद्याच्या 2017 च्या नियमांखाली भारतीय दिवाळखोरी व नादारी मंडळ मूल्यांककांची नोंदणी करतं आणि त्यांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर असते. नोंदणी तीन वर्गांत होते; आपल्याला ‘जमीन व इमारत’ या वर्गाचा माणूस हवा. यंत्रसामग्रीचा किंवा शेअर्सचा मूल्यांकक घराच्या कामाचा नाही. आयकराच्या कामासाठीची सरकारी नोंदणी वेगळी असते. घर विकायचं असेल तर तीही आहे का, ते विचारा.

इथली सर्वांत नेहमीची चूक म्हणजे दलालानेच ‘आपला माणूस’ आणून देणं. मूल्यांककाचे घरात, सौद्यात किंवा कमिशनमध्ये हितसंबंध नसावेत. फी आधी ठरलेली आणि लेखी असावी. ‘किंमत जास्त आली तर जास्त फी’ असं कुणी म्हणाला, तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका. स्वतंत्र मूल्यांककाला यशावर अवलंबून असलेली फी घेता येत नाही.

कर्ज दुसऱ्या बँकेत नेणार असाल तर आधी त्या बँकेला विचारा. बहुतेक बँका स्वतःच्या पॅनेलवरच्या मूल्यांककाचाच अहवाल धरतात. आपला अहवाल तेव्हा फक्त बोलणी करायला उपयोगी पडतो, आणि एवढ्यासाठी दोनदा खर्च करायचा का, हे आपण ठरवा.

तिसरी पायरी: कागद गोळा करणं

मूळ कागद बँकेत असतात. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी आणि छायाप्रती बँकेकडून घ्या. त्याशिवाय साधारण हे लागतं: नोंदणी झालेला दस्तावेज (म्हणजे खरेदीखत), सात-बारा किंवा सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, बिनशेतीचा हुकूम, मंजूर नकाशा, बांधकाम वापराची परवानगी (जिला इथे बी.यू. म्हणतात), घरवेऱ्याची म्हणजे घरपट्टीची ताजी पावती आणि वीजबिल. गुजरातचा सात-बारा ‘एनीआरओआर’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो.

चलथाणच्या पट्ट्यात गाडं अडतं ते बहुधा याच पायरीवर. पहिली अडचण: काही जुने प्लॉट फक्त साठेखतावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर हस्तांतरित झालेले असतात. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याने मालकी येत नाही. असा व्यवहार मूल्यांकक किमतीत धरत नाही, किंवा धरला तरी अहवालात ठळक शेरा मारतो.

दुसरी अडचण क्रमांकांची. पुनर्मोजणीनंतर अनेक गावांत जुना ब्लॉक नंबर बदलून नवा आला. दस्तावेजात जुना आणि सात-बाऱ्यावर नवा असेल तर दोन्हींचा मेळ दाखवणारा तलाठ्याकडचा उतारा जोडा. नगररचना योजना लागू झाली असेल तर मूळ खंडाऐवजी अंतिम खंडाचं क्षेत्र धरलं जातं, आणि ते मूळ क्षेत्रापेक्षा कमी असतं, कारण रस्ते आणि सार्वजनिक जागांसाठी जमीन वजा होते.

तिसरी अडचण बांधकामाची. नकाशा तळमजल्याचा मंजूर आणि प्रत्यक्षात वर दोन मजले, असं पुष्कळ ठिकाणी असतं. परवानगी ग्रामपंचायतीची आहे, तालुक्याची की सुरत नागरी विकास प्राधिकरणाची, हे तपासा. वाढीव मजला इम्पॅक्ट फी भरून नियमित करून घेतला असेल तर ती पावती जोडा. नसेल तर तो मजला किमतीत धरला जाईल अशी आशा ठेवू नका.

चौथी पायरी: पाहणीचा दिवस

मूल्यांकक स्वतः किंवा त्याचा अभियंता घरी येतो, मोजमाप घेतो, फोटो काढतो. सगळ्या खोल्या, गच्ची आणि जिना उघडा ठेवा. भाडेकरू असेल तर आधी सांगून ठेवा आणि भाडेकरार दाखवा; लपवलेला भाडेकरू पुढे खरेदीदाराला सापडतोच.

मोजणी चालू असताना आपण स्वतः हजर राहा. चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, आणि बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट, यांतलं कोणतं लिहिलंय ते विचारा. फ्लॅट असेल तर बिल्डरने सांगितलेल्या सुपर बिल्टअप आकड्यावर विसंबू नका.

सुरतकडे जमीन वारात बोलली जाते. एक वार म्हणजे 9 चौरस फूट, म्हणजेच 0.836 चौरस मीटर. दस्तावेजात चौरस मीटर आणि बाजारात वार असल्यामुळे इथे हमखास घोटाळा होतो. 60 वारांचा प्लॉट 50.17 चौरस मीटर भरतो. दर वाराला 25 हजार रुपये समजला तर जमीन 15 लाखांची. कुणी चुकून तोच दर मीटरला लावला तर किंमत साडेबारा लाखांवर येते. अडीच लाखांचा फरक फक्त एककामुळे पडतो.

पाचवी पायरी: किंमत कशी निघते, ते समजून घेणं

फ्लॅटसाठी बहुधा तुलनेची पद्धत वापरतात: जवळपासच्या तशाच मालमत्तांच्या अलीकडच्या व्यवहारांशी ताडून पाहणं. रो-हाउससाठी जमीन आणि बांधकाम यांची किंमत वेगळी काढून बेरीज करतात. भाड्याच्या दुकानासाठी मिळणाऱ्या भाड्यावरून किंमत काढली जाते.

रो-हाउसचं उदाहरण घेऊ; यातले दर फक्त समजण्यापुरते आहेत. जमीन 15 लाख. बांधकाम 900 चौरस फूट, आज नव्याने बांधायला फुटाला 1,400 रुपये, म्हणजे 12 लाख 60 हजार. घर 15 वर्षांचं, एकूण आयुष्य 60 वर्षं, आणि शेवटी 10 टक्के भंगारमूल्य धरलं तर घसारा, म्हणजे वयामुळे झालेली घट, साडेबावीस टक्के. ती 2 लाख 83 हजार 500 होते. उरलं 9 लाख 76 हजार 500. एकूण किंमत 24 लाख 76 हजार 500 रुपये.

दर ठरवताना मूल्यांकक रस्त्याची रुंदी, महामार्ग आणि स्टेशनपासूनचं अंतर, पावसात पाणी साचतं का, डाइंग-प्रिंटिंग मिल किती जवळ आहे, हे सगळं पाहतो. आपल्या सोसायटीतले अलीकडचे नोंदणी झालेले व्यवहार माहीत असतील तर त्याला जरूर सांगा. त्याला पुरावा द्या, आकडा मात्र सुचवू नका.

सहावी पायरी: अहवाल वाचणं

अहवालात एकाहून जास्त किमती असतात आणि लोक तिथे गोंधळतात. बाजारमूल्य म्हणजे घाई नसताना, जाणत्या घेणाऱ्या-विकणाऱ्यांत ठरेल ती किंमत. वसूलमूल्य त्याहून थोडं कमी. सक्तीच्या विक्रीचं मूल्य म्हणजे थोड्या मुदतीत, लिलावासारख्या स्थितीत मिळेल ती रक्कम. वरच्या उदाहरणात ती बाजारमूल्याच्या 80 टक्के धरली तर 19 लाख 81 हजार 200 होते.

जंत्रीची किंमत वेगळी लिहिलेली असते. गुजरातची जंत्री म्हणजे महाराष्ट्रातला रेडी रेकनर: मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर. 2011 ची जंत्री बारा वर्षं तशीच राहिली आणि 15 एप्रिल 2023 पासून जमिनीचे दर सरसकट दुप्पट झाले. बाजार असा एका दिवसात दुप्पट होत नाही. म्हणून जंत्रीवरून घर विकू नका, आणि जंत्रीपेक्षा कमी किमतीचा सौदा करण्याआधी कर सल्लागाराला विचारा.

अहवालावर सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, पाहणीची तारीख, हेतू, तुलनेचे व्यवहार आणि फोटो आहेत ना, ते पाहा. एखादी गोष्ट चुकीची वाटली तर लेखी दुरुस्ती मागा. क्षेत्र, वय, मजले अशा तथ्यांवरची हरकत मूल्यांकक तपासतो. ‘किंमत कमी वाटते’ एवढ्याने तो आकडा बदलणार नाही आणि त्याने बदलूही नये.

घर 1 एप्रिल 2001 च्या आधीचं असेल आणि आपण ते विकणार असाल, तर त्याच भेटीत त्या तारखेचं मूल्यही काढून घ्या. भांडवली नफ्याचा कर मोजताना मूळ खरेदीऐवजी ते धरता येतं. मात्र त्या दिवशीच्या जंत्रीच्या किमतीपेक्षा जास्त धरता येत नाही.

सातवी पायरी: फेड आणि सुटका

आता दोन आकडे शेजारी ठेवा. घर 24 लाख 76 हजारांचं आणि कर्ज 11 लाखांचं असेल, तर 13 लाखांहून जास्त आपलं आहे. घेणारा 20 लाखांवर अडून बसला तर तो आपल्याकडे सक्तीच्या विक्रीचा भाव मागतोय, हे आपल्याला कळतं. भावंडांमधला हिशेबही याच फरकावर करावा, घराच्या पूर्ण किमतीवर नव्हे.

विकताना खरेदीदाराच्या बँकेने आपलं कर्ज थेट आपल्या बँकेत भरावं आणि उरलेली रक्कम आपल्याला द्यावी, असं करारात लिहून घ्या. हप्ते थकले असतील तर लिलावाची नोटीस येण्याची वाट न पाहता अहवाल घेऊन बँकेत जा. लिलावाआधी बँकही मूल्यांकन करून घेते, आणि त्या आकड्यावर हरकत घ्यायला आपल्या हातात काहीतरी लागतं.

पैसे भरल्यावर काम संपलं असं समजू नका. थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. 1 डिसेंबर 2023 पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार, पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात आणि नोंदवलेला बोजा उतरवावा लागतो. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. म्हणून फेडीची पावती आणि तारीख जपा. परत मिळालेले कागद सुरुवातीच्या यादीशी एक-एक करून जुळवा. मग तारणाच्या केंद्रीय नोंदणीतून, म्हणजे ‘सरसाई’तून, आणि सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्डावरून बोजा कमी झाल्याचा ताजा उतारा काढा. गहाणखत नोंदवलेलं असेल तर उपनिबंधक कार्यालयात मुक्तिलेखही नोंदवून घ्या. बोजा तसाच राहिलेलं घर पुढच्या पिढीला विकता येत नाही, आणि त्याची निस्तरपट्टी मुलांच्या माथी येते.