पालीला जाऊन येते!

टार्गेट, डेडलाइन, रात्री अकराचा क्लायंट कॉल... ओळखीचं वाटतंय ना? त्यात आमच्या ऑफिसात २०२५च्या दिवाळीआधी ‘लिस्ट’ नावाची नवी भानगड सुरू झाली. लिस्टमध्ये नाव आलं की आयडी कार्ड जमा! आमच्या टीममधल्या दोघांची कार्डं गेली. पुढची लिस्ट कधी, कुणी सांगेना. आणि मला रोज रात्री तीन वाजता छातीत धडधडायला लागलं. ईसीजी नॉर्मल आला. ‘झोप काढा,’ डॉक्टर म्हणाले. झोप काय मेडिकलमध्ये मिळते?

नोव्हेंबरात चार दिवसांची रजा टाकली. ‘पालीला जाऊन येते’ म्हटल्यावर सगळे एका सुरात, ‘वा, बल्लाळेश्वर!’ नाही हो. अष्टविनायकातली पाली रायगडात. माझी पाली बीडची, सोलापूर हायवेवर, बिंदुसरा तलावाच्या शेजारची. माझं आजोळ. पुण्याहून एसटीने पाच-सहा तास, कंबरेचा पार भुगा. (सप्टेंबर २०२५पासून अहिल्यानगर-बीड रेल्वेही सुरू झालीय. पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिलेली गाडी! पण मला एसटीच सोयीची पडली.)

‘आलीस का बाई? किती वाळलीस!’ मामीने दारातच ताब्यात घेतलं. मोबाईल स्विच ऑफ करून तिच्याकडे दिला, तो तिने ज्वारीच्या डब्यात ठेवला. भाकरी, येसराची आमटी, ठेचा खाऊन रात्री नऊला आडवी झाले ती सकाळी आठला उठले. अकरा तास! तीन वाजता जाग आली नाही, हे मला उठल्यावर आठवलं.

खरं सांगायचं तर पालीत ‘बघण्यासारखं’ फार काही नाही, आणि तेच बरं. कपिलधारचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी जवळच आहे, पण कार्तिकी पौर्णिमेची यात्रा नुकतीच उरकली होती आणि मला गर्दीची हवाही नको होती. बीडच्या वाटेवरची खजाना विहीर मात्र मामाने हट्टाने दाखवली. निजामशाहीतली, सोळाव्या शतकातली. आत भुयारं आहेत. पाणी झऱ्यांनी येतं आणि नुसत्या उतारावर शेतांकडे जातं. ना मोटर, ना वीज. ‘बघ, चारशे वर्षांत एकदाबी हँग झाली नाही,’ मामा म्हणाला. त्याला हा शब्द कुणी शिकवला देव जाणे.

संध्याकाळी तळ्यावर. २०१६च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं त्या दुष्काळात, मी इथे भेगाळलेली माती पाहिली होती. आता पाणी डोळ्यांत मावत नव्हतं. मी म्हटलं, ‘मस्त ना, मामा?’ तो नुसता ‘हं’ म्हणाला. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत त्याचं सोयाबीन शेतातच कुजलं होतं. हे मला मामीकडून नंतर कळलं. मी फोनवर रोज माझंच रडगाणं गात होते, त्याने एका अक्षराने सांगितलं नव्हतं. लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टरच्या आवाजाने उठले. शेजारची माणसं ऊसतोडीला निघाली होती. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, पत्रे, दोन पोरं. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने तिकडेच. त्यातली एक माझ्याच वयाची. लहानपणी आम्ही तळ्याकाठी सागरगोटे खेळलोय.

‘किती दिवस हायस?’ तिने विचारलं.

‘उद्या निघते. जरा आरामाला आले होते.’

‘बरं केलंस. आम्ही पाडव्याला येऊ.’ मग पदर खोचत हसली. ‘तुझ्या हापिसात बी मुकादम असतो का गं?’

‘असतो की.’

‘उचल देतो?’

माझ्या फ्लॅटचा हप्ता डोळ्यांसमोर आला. मी म्हटलं, ‘ती बँक देते.’ दोघी खूप हसलो. मामीने तिच्या ट्रॉलीत धपाट्यांचं गाठोडं टाकलं, ट्रॅक्टर हायवेला लागला. तो दिवस मी काहीच केलं नाही. मामाबरोबर बँकेचे आणि पंचनाम्याचे कागद लावून एका फाइलमध्ये घातले, एवढंच. एक्सेल येतं त्याचा पहिल्यांदाच घरच्या कुणाला उपयोग झाला!

तुम्हाला जायचंय? पालीत रिसॉर्ट नाही. मुक्काम बीडला करा. पावसाळ्यानंतर जा, बालाघाटाची सीताफळं तेव्हाच मिळतात. मांजरसुंब्याची रबडी चुकवू नका. आणि एचआयव्हीबाधित मुलांसाठी इन्फंट इंडियाचं काम पालीत आहे. तिथे मात्र सेल्फी काढायला जाऊ नका.

परतताना एसटीत फोन सुरू केला. दोनशे चौदा मेसेज. त्यात लिस्टबद्दल एकही नव्हता. ती अजून आलेली नाही म्हणे. आता मॅनेजरला कळवलंय, रात्री दहानंतरचे कॉल मी घेणार नाही. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. पिशवीतली सीताफळं मात्र मंगळवारपर्यंत पिकली, तेव्हा दोन त्यालाही दिली.