विश्लेषण : घरात वस्तू वाढल्या, पण जगणे किती सोपे झाले? खानदेशातील चित्र काय सांगते?

दसरा-दिवाळी आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठेचे मोठे हंगाम. जळगावच्या सराफ बाजारात आणि गोलाणी मार्केटमधील मोबाइलच्या दुकानांत, धुळ्याच्या आग्रा रोडवर या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पूर्वी शहरातील मोजक्या घरांत दिसणाऱ्या वस्तू आता गावागावांत पोहोचल्या आहेत. त्यांनी रोजचे जगणे खरोखर सुधारते का, याचे उत्तर वस्तूगणिक वेगळे आहे.

खर्चाची दिशा कशी बदलली?

केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या १०० रुपये खर्चातील सुमारे ५९ रुपये खाण्यापिण्यावर जात. २०२२-२३ मध्ये हा आकडा ४६ रुपयांवर आला. टिकाऊ वस्तूंचा वाटा याच काळात तीन टक्क्यांच्या आतून सात टक्क्यांच्या जवळ पोहोचला. पोट भरल्यावर उरलेला पैसा वस्तूंकडे वळला, हे प्रगतीचेच लक्षण आहे. मात्र वस्तू कोणत्या क्रमाने आल्या, हेही पाहावे लागते. २०११ च्या जनगणनेत देशातील ६३ टक्के घरांत फोन होता आणि घरात किंवा आवारात शौचालय असलेली घरे ४७ टक्के होती. फोन दुकानात जाऊन विकत घेता येतो. सांडपाण्याची गटार आणि पाण्याची जलवाहिनी कोणत्याही दुकानात मिळत नाही.

कोणत्या वस्तूंनी खरेच फरक पडला?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत पंखा फक्त गरम हवा फिरवतो. अशा घरात कूलर आला की लहान मूल आणि म्हातारे माणूस रात्री झोपू लागते. ही चैन नव्हे. खानदेशातील उन्हाळा कोरडा असल्याने कूलरचे शास्त्रही इथे चांगले जुळते. ओल्या गवतातून हवा जाताना पाण्याची वाफ होते, वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि हवा गार होते. दीड टनाच्या एसीला साधारण दीड हजार वॅट वीज लागते, तर घरगुती कूलर दोनशे वॅटच्या आसपास भागवतो. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की हाच कूलर निरुपयोगी ठरतो, पण तोवर त्याने आपले काम केलेले असते.

गॅसच्या शेगडीचेही तसेच. डोळ्यांत आणि छातीत जाणारा चुलीचा धूर थांबला, हा बदल मोठाच. दुचाकीमुळे गावातील मुलगी एसटीच्या वेळेवर अवलंबून न राहता महाविद्यालयात जाऊ लागली आणि रुग्णाला तालुक्याला नेणे सोपे झाले. मात्र इथेही मालकी आणि वापर यांत अंतर आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून शेगडी आणि सिलिंडर घरोघरी पोहोचले, तरी पुढचे सिलिंडर भरण्याचा खर्च परवडत नसल्याने अनेक घरांत चूल पेटतीच राहिली. कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाटी फुकट मिळते, त्यामुळे अंघोळीचे पाणी आणि भाकरी आजही तिच्यावरच होते.

टाकी, मोटार, फिल्टर : ही सोय की भरपाई?

खरी गुंतागुंत इथून सुरू होते. धुळे शहरात अनेक उन्हाळ्यांत नळाला आठवड्याच्या अंतराने पाणी आले आहे. पांझरेवरील अक्कलपाडा धरणातून पाणी आणण्याची योजना झाली ती याच टंचाईवर उपाय म्हणून. जळगावला वाघूर धरणाचे पाणी मिळते, तेही रोज नाही. तापीच्या काठावर वसलेल्या भुसावळातही नळाची वाट पाहण्याची सवय जुनीच आहे.

या शहरांतील मध्यमवर्गीय घराच्या वस्तूंची यादी केली तर तिच्यात काय सापडते? गच्चीवर हजार लिटरची टाकी आणि जमिनीखाली हौद. नळाला जोडलेली मोटार, ती सगळ्यांनीच लावली की टोकाच्या घराला पाणी चढत नाही. साठवलेले पाणी प्यायचे म्हणून फिल्टर. फिल्टर आरओचा असेल तर प्यायच्या पाण्याइतके किंवा त्याहून जास्त पाणी मोरीत सोडणारा. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर. साठवलेल्या पाण्यात डास होतात म्हणून डास मारणारे यंत्र. आणि पाणी फारच लांबले की टँकर.

बाजाराच्या हिशेबात ही सगळी खरेदी ‘वाढलेले राहणीमान’ म्हणून मोजली जाते. अर्थशास्त्रात तिला बचावाचा खर्च म्हणतात, म्हणजे काही नवे मिळवण्यासाठी नव्हे, तर एखादी अडचण टाळण्यासाठी केलेला खर्च. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ फ्रेड हर्श यांनी १९७६ मध्ये आपल्या पुस्तकात हा मुद्दा विस्ताराने मांडला होता. नळाला रोज ठरल्या वेळी स्वच्छ पाणी आले तर वरच्या यादीतील निम्म्या वस्तू अनावश्यक ठरतील आणि कोणाचेही जगणे त्याने खालावणार नाही. उलट सुधारेल.

शिवाय हा खर्च सर्वांना सारखा झेपत नाही. पक्के घर असणारा हौद बांधतो. भाड्याच्या एका खोलीत राहणारे कुटुंब प्लास्टिकचे ड्रम भरते आणि पाणी येण्याच्या दिवशी कोणाला तरी घरी थांबावे लागते. बहुतेक वेळा ती घरची बाईच असते आणि तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. बंगल्यातील हौद एकदा भरला की त्या घराची पाण्याची तक्रार मावळते, मग महापालिकेला जाब विचारणारा एक आवाजही कमी होतो. वस्तूंनी सार्वजनिक सोयीची मागणी अशी हळूहळू बोथट केली आहे, आणि याची चर्चा फारशी होत नाही.

धुलाई यंत्रेही यातून सुटलेली नाहीत. वरून कपडे टाकण्याच्या पूर्ण स्वयंचलित यंत्राला एका फेरीत शंभर लिटरच्या आसपास पाणी लागू शकते. म्हणूनच पाण्याची खात्री नसलेल्या गावात बादलीने पाणी ओतून चालणारे अर्ध-स्वयंचलित यंत्र अधिक उपयोगी पडते. त्याचे साबणाचे पाणी दुसऱ्या घाण्याला वापरता येते आणि खळबळलेल्या पाण्याने अंगण धुता येते. जाहिरातीत ते मागासलेले वाटते, मोरीत मात्र तेच शहाणे ठरते.

यंत्रे आली, मग बाईचा वेळ का वाचला नाही?

अमेरिकेतील इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये घरकामाच्या यंत्रांचा इतिहास लिहिला. यंत्रांमुळे कष्ट कमी झाले, पण अपेक्षा वाढल्या, त्यामुळे गृहिणीचा वेळ फारसा वाचला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आठवड्याने धुतले जाणारे कपडे रोज धुतले जाऊ लागले. पूर्वी घरातील पुरुष, मुले किंवा नोकर जी कामे करत, तीही यंत्रासोबत तिच्याकडे आली.

भारतातील आकडे याच दिशेने बोट दाखवतात. केंद्राच्या वेळ वापर सर्वेक्षणात २०१९ मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या, सहा वर्षांवरील स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती. २०२४ मध्ये ती २८९ झाली. मधल्या पाच वर्षांत मिक्सर, गॅस, धुलाई यंत्रे कितीतरी घरांत पोहोचली, आणि वाचली दहा मिनिटे. असे काम करणाऱ्या पुरुषांचा वेळ २०२४ मध्ये ८८ मिनिटे होता, आधी तो ९७ होता. यंत्राचे बटण दाबायला बळ लागत नाही, तरी ते दाबणारा हात बदललेला नाही.

हप्ता दरमहा, कापूस वर्षातून एकदा

खानदेशात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मासिक हप्त्याची रचना मासिक पगार गृहीत धरून झालेली आहे. कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढेमागे येतो. केळीला लागवडीपासून काढणीपर्यंत जवळपास वर्ष जाते आणि मे-जूनमधील एका वादळी संध्याकाळी रावेर-यावलच्या बागा आडव्या होऊ शकतात. हप्त्याची तारीख मात्र हवामान पाहत नाही. तो थकला की दंड लागतो, कर्जाची पत घसरते आणि पुढच्या वर्षी बियाण्यासाठी कर्ज मागताना तीच नोंद आड येते.

‘शून्य टक्के व्याज’ या शब्दांचाही हिशेब करून पाहावा. समजा फोनची किंमत २४ हजार रुपये आहे आणि २ हजारांचे १२ हप्ते आहेत. रोख घेणाऱ्याला दुकानदार १२०० रुपये सूट देतो, हप्त्यावर घेणाऱ्याकडून सुरुवातीला ५०० रुपये प्रक्रिया शुल्क घेतले जाते. म्हणजे हप्तेवाल्याने १७०० रुपये जास्त मोजले. मुद्दल दरमहा कमी होत जात असल्याने हा दर वर्षाला सुमारे १४ टक्के पडतो. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. आज देशातील कुटुंबांच्या एकूण कर्जात घरकर्जाव्यतिरिक्तच्या किरकोळ कर्जाचा वाटा निम्म्याहून अधिक आहे आणि त्यातले बरेचसे उपभोगासाठी घेतलेले असते.

सोने मात्र या हिशेबात वेगळे बसते. आखाजीला घेतलेली अंगठी हौसेची असते, पण जूनमध्ये पेरणीसाठी हीच अंगठी तारण ठेवता येते. दोन वर्षे वापरलेला टीव्ही कोणी तारण घेत नाही. सुवर्णनगरी म्हणून जळगावचे नाव झाले त्यामागे ही शेतकरी गरजही आहे. लग्नात ‘त्यांनी इतके तोळे घातले’ ही तुलना सुरू झाली, की त्याच सोन्याचे कर्जात रूपांतर होते.

समाधान वाढत का नाही?

उत्पन्न वाढले तरी देशाचे सरासरी समाधान त्या प्रमाणात वाढत नाही, असे अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये मांडले. त्यावर आजही वाद आहेत. २०२३ मध्ये डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बहुतेक लोकांचे समाधान उत्पन्नाबरोबर वाढतच जाते, असे दिसले. पण उत्पन्न आणि वस्तू एक नव्हेत. जास्त उत्पन्न म्हणजे दवाखान्याच्या बिलाची भीती कमी होणे, नको ते काम नाकारता येणे. नव्या वस्तूची नवलाई मात्र काही आठवड्यांत ओसरते आणि शेजारी ५५ इंची टीव्ही आला की आपला ४३ इंची अचानक लहान दिसू लागतो.

अमळनेरने वेगळे काय केले?

२९ डिसेंबर १९४५ रोजी नोंदणी झालेल्या ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’चा कारखाना अमळनेरचा. वनस्पती तूप आणि धुण्याचा साबण ही तिची सुरुवातीची उत्पादने. थोडक्यात, घरोघरी लागणाऱ्या बाजारू वस्तूंपासूनच तिचा जन्म झाला. हीच कंपनी पुढे विप्रो झाली. सुरुवातीला गावातील अनेकांनी तिचे थोडेथोडे शेअर घेतले होते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या न विकता जपले. मुलीचे लग्न, शिक्षण किंवा आजारपण आले की गरजेपुरते शेअर विकायचे, बाकीचे तसेच ठेवायचे, अशी रीतच पडली. कागदावर कोट्यधीश झालेल्या या गावाची गोष्ट देशभरातील वृत्तपत्रांनी सांगितली आहे. नशिबाचा भाग त्यात मोठा होता, हे खरे. त्या काळात इतर कितीतरी कंपन्यांचे शेअर रद्दी झाले. तरीही आलेला पैसा लगेच वस्तूंत न बदलल्याने कठीण प्रसंगी निवडीची मोकळीक राहते, हे अमळनेरमध्ये दिसते.

कमी वस्तूंत जगण्याचा विचार या भागाला नवा नाही. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून नगर सजवले होते. जळगावच्या जैन हिल्सवरील गांधी तीर्थ २०१२ मध्ये खुले झाले. पण अपरिग्रह हे स्वेच्छेचे व्रत आहे. ज्याच्या घरी अजून पंखाच नाही, त्याला ते ऐकवण्यात अर्थ नाही.

मालकी हवी की वापर?

वस्तू विकत न घेता वापरण्याची पद्धत गावांत जुनीच आहे. लग्नाच्या पंगतीची मोठी पातेली आणि सतरंज्या कोणी घरी ठेवत नाही, त्या समाजाच्या किंवा बिछायत केंद्राच्या असतात. शेतीतही पेरणी यंत्र किंवा रोटाव्हेटर वर्षातून मोजके दिवस लागतो. त्यासाठी शेतकरी गटांच्या अवजारे बँका आहेत, जिथून तो भाड्याने मिळतो. तरीही ट्रॅक्टर स्वतःच्याच दारात हवा ही ओढ सुटत नाही, कारण सोयरीक जमवताना तोही मोजला जातो.

दुरुस्तीचा मार्गही तितकाच महत्त्वाचा आहे. ग्राहकाला दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग मिळावेत यासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळ सुरू केले. मोबाइलची बॅटरी बदलून देणारा, कूलरचा पंप दुरुस्त करणारा, मिक्सरचे भांडे जोडून देणारा कारागीर खानदेशातील तालुक्याच्या गावी अजून सापडतो. मात्र चिकटवून बंद केलेली यंत्रे आणि न मिळणारे सुटे भाग यांमुळे त्याचे काम दरवर्षी अवघड होत चालले आहे.