पावसाचे शहरातले पाणी जिरावे कोठे?

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा खेड्यातून आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी भिंतीवर वाचलेली असेल. माझ्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात बांधबंदिस्तीच्या कामावर टिकाव चालवला. त्या कामाचे सगळे शास्त्र ते एका दमात सांगत : धावत्या पाण्याला चालायला लावायचे, चालत्याला थांबवायचे, थांबलेल्याला जिरवायचे. शहराचे शास्त्र नेमके उलटे. येथे पाणी पडताक्षणी हाकलून द्यायचे असते.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५,००० लिटर पाणी नळीवाटे खाली येते. अंगण मातीचे असेल तर त्यातले बरेचसे तेथेच मुरते. काँक्रीटचे असेल तर जवळजवळ सगळे नाल्याकडे निघते, आणि तेही शेजारच्या शंभर गच्च्यांच्या पाण्याबरोबर, एकाच वेळी. आमची वस्ती नाल्याच्या काठाला आहे. वरच्या अंगाला नवी सोसायटी उभी राहिली, की आम्हांला धान्याचे डबे आणखी एक फळी वर ठेवावे लागतात.

गटारे मोठी करा, असे लगेच सुचवले जाते. मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या अंदाजाने बांधलेली होती, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुढे गटारांची क्षमता दुप्पट करण्याचे काम हाती घेतले गेले. ते आवश्यकच होते. तथापि मोठे गटार पाणी कमी करीत नाही. ते अधिक वेगाने खालच्याच्या दारात नेऊन सोडते.

म्हणून पाणी पडेल तेथेच रोखण्याचा विचार पुढे आला. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९९० च्या सुमारास घराघरांपुढे ‘पर्जन्यबागा’ करण्यास सुरुवात झाली. घराच्या पायापासून दहाएक फूट दूर, वीतभर खोल असा पसरट खळगा करायचा, त्यात वाळूमिश्रित माती भरून झाडे लावायची आणि गच्चीची नळी तिकडे वळवायची. पाणी एकदोन दिवसांत जिरले पाहिजे. डासाला अंड्यातून उडायला आठवडाभर लागतो, तेव्हा ती भीती राहत नाही. ओल आणि कोरड दोन्ही सोसणारी झाडे हवीत. वाळा आणि कर्दळ उत्तम. मोरीच्या पाण्यावर अळू-कर्दळ वाढवणाऱ्या आपल्या आज्यांना यात काही नवल वाटणार नाही!

दुसरा उपाय मी वडिलांकडून समजावून घेतला. ते फरसबंदीचे ब्लॉक बसवतात. ब्लॉक खडीच्या थरावर बसवून सांधे बारीक खडीने भरले, तर पाणी सांध्यांतून खाली उतरते. पण बहुतेक ठिकाणी खाली काँक्रीट ओतून सांधेही सिमेंटने बुजवायला सांगतात. ‘मग ते ताटच झालं,’ असे वडील म्हणतात. मोकळे सांधे मातीने बुजतात, ते अधूनमधून साफ करावे लागतात, हेही खरे.

एवढ्याशा खळग्यांनी शहराचे काय होणार, असे कोणी म्हणेल. सिंगापूरने बिशान येथे कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा फोडून २०१२ पर्यंत तेथे ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. काठाला दगड आणि झाडे लावली. एरवी लोक तेथील हिरवळीवर फिरतात. मुसळधार पावसात इशारा होतो, लोक बाजूला होतात आणि पाणी हिरवळीवर पसरते.

आपल्याकडील काळी माती पाणी सावकाश पिते, खाली कातळही लागतो. त्यामुळे खडीचा थर आणि जादा पाण्याला वाट ठेवावीच लागेल. २००५ सारखा पाऊस कोणतीही बाग पोटात घेणार नाही. पण आमच्या घरात पाणी येते ते नेहमीच्या जोरदार सरींनी.

आपल्या ग्रंथालयाची पावसाळी नळी सायकल स्टँडजवळ डांबरावर उतरते. ते पाणी फाटकाबाहेर पडून आमच्याच नाल्याला मिळते. नळीपासून कुंपणापर्यंत बारा पावले मोकळी जागा आहे. भूगोल विभागाकडे पर्जन्यमापक आहे, राष्ट्रीय सेवा योजनेकडे फावडी आहेत. मे महिन्यात खळगा खणला, तर त्यात किती पाणी साठते आणि किती तासांत जिरते, हे जूनमध्ये आपणच मोजू शकू.